पलंगाच्या बाजूच्या पट्ट्या पायांना कशाने जोडायच्या?

लाकूड आणलं, रंधा मारला, हेडबोर्ड उभं राहिलं आणि मग शेवटच्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "बेडच्या क्लिपा द्या" म्हटलं, तर दुकानात जे असेल तेच गळ्यात पडतं. बाजूच्या पट्ट्या पायांना कशाने जोडायच्या हे करवत लावायच्या आधी ठरवावं लागतं. पट्टी किती जाड ठेवायची, पाय किती जाड, पट्टीच्या टोकाला कुसू (पायातल्या खाचेत शिरणारी जीभ) सोडायचं की टोक सपाट कापायचं, हे सगळं त्या निवडीवर ठरतं. मुख्य म्हणजे फिटिंग आधी विकत आणा, हातात घेऊन मोजा आणि मगच आखणी करा. एकाच नावाच्या फिटिंगची मापं दोन दुकानांत सारखी नसतात.

खालची सगळी मापं ७८ बाय ७२ इंची गादीसाठी, सागवानाच्या पलंगाची आहेत: पाय ७० मिलिमीटर चौकोनी, बाजूच्या पट्ट्या १५० मिलिमीटर रुंद आणि ३२ मिलिमीटर जाड. हेडबोर्ड आणि फूटबोर्ड हे दोन भाग कायमचे चिकटवलेले, आणि सुटे होणारे सांधे फक्त चार: दोन पट्ट्यांची चार टोकं.

सांध्यावर नेमकं काय येतं

दोन माणसं, गादी आणि खालच्या फळ्या मिळून सव्वादोनशे किलो धरा. चार सांध्यांत वाटलं तर एका वाट्याला साठ किलोच्या आत. आठ मिलिमीटरचा एक साधा बोल्टही एवढं सहज पेलतो. म्हणजे पलंग मोडतो तो वजनाने नाही. तो मोडतो आडव्या धक्क्याने: कोणी हेडबोर्डला रेलून बसतं, उठताना फूटबोर्डचा आधार घेतं, झाडू मारायला पलंग ओढतं.

ढोबळ हिशेब करून बघा. पट्टीच्या खालच्या कडेपासून ६० सेंटिमीटर वर हेडबोर्डला २५ किलोचा रेटा बसला, तर पाय पट्टीच्या खालच्या कडेवर कलू पाहतो आणि वरचा बोल्ट त्याला ओढून धरतो. दोन पायांत भार वाटला, बोल्ट खालच्या कडेपासून ११ सेंटिमीटर वर असला, तर त्या एका बोल्टवर जवळपास ६८ किलोची ओढ येते. पट्टी तीन इंचीच घेतली तर हीच ओढ दुपटीच्या आसपास जाते. म्हणून पट्टीची रुंदी पाच इंचांच्या खाली नेऊ नका. फिटिंग कितीही महाग घ्या, अरुंद पट्टीवर ते डुगडुगणारच.

दुसरा त्रास पिळाचा. फळ्या पट्टीच्या आतल्या बाजूला लावलेल्या चौकटपट्टीवर टेकतात, म्हणजे वजन पट्टीच्या मध्यावर न येता आत येतं आणि पट्टी आत कलंडू पाहते. सांध्यात एकच बोल्ट आणि बाकी काही नसेल तर पट्टी त्या बोल्टभोवती फिरते. म्हणून प्रत्येक सांध्यात दोन बोल्ट, किंवा एक बोल्ट आणि त्याच्या वर-खाली दोन लाकडी खुंट्या. पाच फुटांपेक्षा रुंद पलंगाला मधोमध एक आडवी पट्टी आणि तिला जमिनीवर टेकणारा पाय हवाच. तो नसेल तर फळ्या वाकतात आणि हा पीळ आणखी वाढतो.

यावरून निवडीची कसोटी मिळते. लोखंडाने सांधा दाबून धरायचा, वजन लाकडाने लाकडावर घ्यायचं. ज्या फिटिंगमध्ये पट्टीचं टोक पायावर घट्ट दाबलं जातं ते चांगलं. ज्यात पट्टी नुसती लटकते, ते लवकर कुरकुरायला लागतं.

बोल्ट आणि बॅरल नट: शंका असेल तर हेच

भरीव लाकडाच्या पलंगाला याहून भरवशाचं फिटिंग नाही. बोल्ट पायातून आरपार जाऊन पट्टीच्या टोकात शिरतो. पट्टीच्या आतल्या बाजूने एक आडवं भोक मारून त्यात दंडगोल नट बसवलेला असतो, बोल्टचे आटे त्यात धरतात. दुकानात याला बॅरल नट किंवा क्रॉस डॉवेल म्हणतात. मुंबईत नागदेवी, पुण्यात बोहरी आळी अशा बाजारांत सुटे मिळतात.

यात महत्त्वाचं काय, तर स्क्रू पट्टीच्या टोकात उभा घुसत नाही. टोकाला लाकडाचे तंतू कापलेले असतात, तिथे स्क्रूची पकड कमी आणि बेभरवशाची. बॅरल नट तंतूंना आडवा बसतो, ओढ आली की त्याच्यापुढचं सगळं लाकूड त्याला अडवतं.

चार सांध्यांसाठी खरेदी: ८ मिलिमीटरचे १२० लांबीचे आठ बोल्ट, आठ बॅरल नट, २४-२५ मिलिमीटर व्यासाचे आठ रुंद वॉशर आणि १० मिलिमीटरच्या चार लाकडी खुंट्या. एखादा नट-बोल्ट जास्तीचा घ्या. बोल्टचं डोकं दिसू नये असं वाटत असेल तर पितळी टोपण किंवा न चिकटवलेलं लाकडी बूच.

१२० कसे आले ते समजून घ्या, म्हणजे तुमच्या मापाला बदलता येतील. पाय ७०. डोकं आत बुडवायला १२ खोल खळगा, राहिलं ५८. वॉशर २, झाले ६०. नटाचा मध्य पट्टीच्या टोकापासून ५० आत, एकूण ११०. नट १२ मिलिमीटर व्यासाचा आहे, त्याची उरलेली अर्धी जाडी ६, म्हणजे ११६. बोल्ट नटाच्या पलीकडे थोडा निघायला हवा, म्हणून १२०. नट टोकापासून ५० पेक्षा फार जवळ आणू नका. आवळताना पुढचं लाकूड ढलपीसारखं निघून येतं.

दुकानात बोल्टवरचे आटेही बघा. लांब बोल्टला आटे फक्त शेवटच्या भागावर असतात. हे २० मिलिमीटरपेक्षा कमी असतील तर बिनआट्याचा दांडा नटाला जाऊन अडतो. पान्ह्याला बोल्ट घट्ट लागतो, आपल्याला वाटतं सांधा आवळला, आणि पट्टी तशीच सैल. आवळूनही फट जात नसेल तर पहिला संशय याचाच घ्या.

भोकं मारण्याचा क्रम असा. आधी पायाच्या बाहेरच्या बाजूने २५ मिलिमीटरचा खळगा १२ खोल मारा, मग त्याच्या मध्यातून ९ मिलिमीटरचं भोक आरपार. उलट केलंत तर मोठ्या बिटाच्या टोकाला धरायला मध्यच उरत नाही. बोल्ट ८ चा आणि भोक ९ चं, ही मोकळीक मुद्दाम आहे. भोक थोडं तिरकं गेलं तरी चालून जातं. पट्टीच्या खालच्या कडेपासून ४० आणि ११० वर बोल्ट, मध्ये ७५ वर खुंटी.

आता पट्टी पायाशी जागेवर लावून क्लॅम्पने घट्ट धरा आणि पायातल्या भोकातूनच लांब बिट घालून पट्टीच्या टोकात भोक मारा, ७५ खोल. पायातलं भोकच बिटाला वाट दाखवतं. टोकात बिट तंतूंच्या मागे भरकटतं, म्हणून हळू चालवा आणि दर दोन सेंटिमीटरला बाहेर काढून भुसा साफ करा. मोकळ्या हाताने पट्टीत वेगळं भोक मारून दोन्ही जुळतील अशी आशा करू नका.

खुंटी पट्टीच्या टोकात चिकटवायची, पायात कोरडी सोडायची, पुढचं टोक किंचित तासलेलं ठेवायचं. फेव्हिकॉल पायाच्या भोकात गेला तर पलंग पुढच्या घर बदलण्याला करवतीनेच सुटेल. खुंटीऐवजी टोकाला १२ मिलिमीटरचं आखूड कुसू ठेवून पायात तेवढंच साल (कुसू बसायची खाच) कोरलं तर काम आणखी पक्कं होतं. पट्टी कापताना दोन्ही टोकांची ती २४ मिलिमीटर लांबी मात्र धरायला विसरू नका.

नटाचं आडवं भोक हे खरं कसबाचं काम. पट्टी ३२ जाड, बोल्ट मधोमध, म्हणजे आतल्या बाजूपासून १६ वर. नट २० लांब आणि त्याचं आट्याचं भोक बरोबर मध्यात असेल तर नटाचा तळ २६ वर यायला हवा. भोक २६ खोल मारलं की बाहेरच्या बाजूला ६ मिलिमीटर लाकूड उरतं. इथे पान बिट वापरू नका, त्याचं लांब अणकुचीदार टोक पट्टीच्या दर्शनी बाजूने बाहेर येतं. आखूड टोकाचं बिट घ्या आणि त्यावर २६ वर चिकटपट्टी गुंडाळा. काही नटांचं भोक मध्यात नसतं, एका टोकाकडे असतं. तेव्हा खोली त्याप्रमाणे बदला. नटाच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरची खाच असते. ती आट्याच्या भोकाच्या दिशेत आहे ना, ते बसवण्याआधी बघून ठेवा, कारण नट आत गेल्यावर तेवढीच एक खूण दिसते.

बोल्ट नटाला सापडत नसेल तर जबरदस्ती करू नका, पहिलाच आटा चिरडतो. भोकातून ८ मिलिमीटरची सळई घालून चूक कुठल्या बाजूला आहे ते बघा. मिलिमीटरभर चूक असेल तर गोल कानशीने बोल्टचं भोक त्या बाजूला मोठं करा. जास्त असेल तर नटाच्या भोकात लाकडी खुंटी चिकटवून, वाळल्यावर नव्याने मारा.

हेडबोर्डची आडवी पट्टीही त्याच पायात साल-कुसूने बसलेली असते. बोल्टची वाट तिच्या कुसूतून जाते का, हे आधी कागदावर खऱ्या मापात काढून बघा. गरज पडली तर बोल्ट वर-खाली सरकवा.

हुकपट्टी: झटपट, पण अटींसह

दोन पोलादी पट्ट्यांची जोडी. एकीला खाली वळलेले हुक, दुसरीला खाचा. हुकवाली बाजूच्या पट्टीच्या टोकात, खाचवाली पायात, दोन्ही लाकडात कोरून बसवायच्या. पट्टी वरून खाली टाकली की हुक अडकतात आणि वजनाने आणखी रुततात. बाहेरून काहीच दिसत नाही, पान्हा लागत नाही, जुन्या चाळीच्या अरुंद जिन्यातून पलंग चढवायचा तर हीच सोय कामाला येते.

पाच-सहा इंच लांब आणि दोन मिलिमीटर किंवा त्याहून जाड पोलादाची असेल तरच घ्या. बोटाने वाकेल असा दाबलेला पत्रा दुकानदार कितीही भरवशाचा सांगो, परत द्या.

यात गडबड होते ती कोरण्याच्या खोलीत. दोन्ही पट्ट्या लाकडाच्या पृष्ठभागाच्या जराशा वर राहिल्या तर लोखंडाला लोखंड टेकतं, लाकडात फट राहते आणि पलंग हलतो. उलट, हुकवाली पट्टी गरजेपेक्षा खोल गेली तर हुक खाचेत उतरतच नाहीत. पृष्ठभागाशी बरोबर सपाट बसवून सुरुवात करा. पट्टी सैल लागली तर हुकाकडची जागा पटाशीने आणखी थोडी खोल करा, म्हणजे हुक लाकडाला लाकडाकडे ओढतील. फारच घट्ट लागली तर मागे पुठ्ठ्याचा तुकडा घाला. खाचांच्या मागे हुकाला उतरायला जागा लागते. तिथे १० मिलिमीटरची भोकं मारून खालच्या बाजूला पटाशीने लांबवा. हे विसरलं तर हुक अर्ध्यावरच अडकतो आणि वाटतं की पट्टी बसली.

पायाकडे १० नंबरचे ४० मिलिमीटर स्क्रू पुरतात. पट्टीच्या टोकात मात्र ५० मिलिमीटरचे घ्या, आणि एक जुनी युक्ती करा: टोकापासून साधारण ३० मिलिमीटर आत, आतल्या बाजूने १२ मिलिमीटरचं भोक मारून त्यात कठीण लाकडाची खुंटी चिकटवा. स्क्रू टोकातून शिरून त्या खुंटीत आडवा रुततो आणि पकड कैक पटींनी पक्की होते. स्क्रूसाठी ३.५ मिलिमीटरचं भोक आधी मारा, आट्यांना मेण लावा.

हुकपट्टीची उणीव अशी की पट्टी धरून पलंग उचलला तर ती निसटते. जो पलंग रोज सरकवला जातो, ज्याखाली हायड्रॉलिक बॉक्स (गॅस पंपाने झाकण उचलायची पेटी) आहे, किंवा ज्यावर पोरं उड्या मारतात, तिथे ती लावू नका.

प्लायवूडचा बॉक्स पलंग

फ्लॅटमध्ये मिस्त्री जागेवर बसून बनवतात तो बॉक्स पलंग बहुतेक वेळा खिळे आणि फेव्हिकॉलने कायमचा बंद असतो. सुटा हवा असेल तर आधी सांगावं लागतं. १८ मिलिमीटर प्लायच्या कडेत ८ चा बोल्ट घालू नका, दोन्हीकडे साडेचार मिलिमीटरच उरतं आणि थर उकलतात. ६ चा बोल्ट, ७ चं भोक आणि आखूड बॅरल नट चालतो. त्याहून बरं म्हणजे कोपऱ्यात आतून ५० मिलिमीटरचा भरीव लाकडी ठोकळा एका बाजूला चिकटवून स्क्रूने बसवायचा आणि दुसरी बाजू त्याला दोन बोल्टांनी जोडायची. ठोकळ्यात मागून टी-नट (लाकडात रुतणाऱ्या दातेरी चकतीचा नट) बसवला की बोल्ट कितीही वेळा काढा-घाला.

मिनिफिक्स, म्हणजे फळीत बसवून स्क्रूड्रायव्हरने फिरवून आवळायची फिरकी, कपाटाच्या फळ्यांना ठीक. पार्टिकल बोर्डात बसवलेला मिनिफिक्स दोन-तीनदा उघडला की भोवतालचा भुसा सुटतो, आणि पलंगाला आडवे धक्के रोजचेच. त्याने हेडबोर्डची सजावट धरावी, बाजूची पट्टी नाही.

हायड्रॉलिकचे गॅस पंप झाकण उचलताना बाजूच्या फळीला जोरात रेटतात. त्यांच्या पट्ट्यांना नुसते स्क्रू नकोत. आरपार बोल्ट आणि मागे रुंद वॉशर.

काय घेऊ नये

जिप्सम बोर्डाला लावायचे काळे स्क्रू. ते कडक असतात पण ठिसूळ, आडव्या धक्क्याला डोकं पटकन तुटतं आणि उरलेला दांडा लाकडात अडकून बसतो. नुसती एल-पट्टी आणि चार आखूड स्क्रू हे फिटिंग म्हणून पुरत नाही. मध्यपट्टीच्या टोकाला चालेल. कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात साधा जस्ती बोल्ट खारट हवेत गंजतो, तिथे ३०४ दर्जाचं स्टेनलेस घ्या. ते आवळताना आट्यांना मेण किंवा ग्रीस लावा, नाहीतर स्टेनलेसला स्टेनलेस कायमचं चिकटतं. बाभळीसारख्या टॅनिन असलेल्या लाकडात लोखंडाभोवती काळे डाग पडतात, तिथेही तेच.

जोडणी, आणि नंतरचा उन्हाळा

पॉलिशच्या आधी पलंग एकदा पूर्ण उभा करा. पट्टीचं टोक गुण्याला (काटकोन तपासायच्या हत्याराला) बरोबर आहे ना बघा; दर्शनी कडेला केसभर फट दिसत असेल तर टोकाचा मधला भाग पटाशीने किंचित खोल करा, म्हणजे कडा आधी टेकतील. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग चारही सांधे थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलं की चौकट तिरकी होते. दोन्ही कर्ण मोजा, तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. मग प्रत्येक सांध्याला आतून पटाशीने खूण करा, पट्टीवर आणि पायावर एकच. भोकं जोडीने मारलेली असतात, पट्टी दुसऱ्या पायाला लावली तर बसत नाही. सांध्याच्या टेकणाऱ्या भागांवर पॉलिशचा जाड थर चढू देऊ नका.

पावसाळ्यात केलेला पलंग उन्हाळ्यात सैल होतो, आणि लोक बोल्टला दोष देतात. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने आकसतं; ७० मिलिमीटरचा सागवानी पाय जुलै ते एप्रिल या काळात अर्धा ते पाऊण मिलिमीटर बारीक होऊ शकतो. बोल्ट तेवढाच राहतो. म्हणून एप्रिलमध्ये एकदा सगळे बोल्ट पाव फेरा आवळा. भर पावसात मात्र जोर लावून आवळू नका. फुगलेलं लाकूड वॉशरखाली चेपतं आणि पुढच्या उन्हाळ्यात सैलपणा आणखी वाढतो. रुंद वॉशर घ्यायचा तो यासाठीच.

कुरकुर ऐकू आली तर आधी फळ्या काढून पलंग हलवून बघा. आवाज बंद झाला तर दोष फळ्यांचा आहे. चौकटपट्टीवर फेल्टची पट्टी चिकटवा. तरीही वाजत असेल तर सांधा उघडा, टेकणाऱ्या भागांवर मेणबत्ती घासा आणि पुन्हा आवळा. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर त्यात काडी आणि फेव्हिकॉल भरण्याचा उपाय महिनाभर टिकतो. ते भोक १० मिलिमीटरचं करा, कठीण लाकडाची खुंटी चिकटवा, रात्रभर वाळू द्या आणि त्यात नव्याने भोक मारा.